सेमी ट्रकवरचं अ‍ॅल्युमिनियम पुन्हा चमकवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ट्रेलर ओढणाऱ्या मोठ्या ट्रकची चाकं, डिझेलच्या टाक्या, पायऱ्या, कॅबमागचा चालण्याचा पत्रा, हत्यारांच्या पेट्या हे सगळं बहुतेक वेळा अ‍ॅल्युमिनियमचं असतं. नवं असताना त्यात तोंड दिसतं, चार-सहा हिवाळे-पावसाळे गेले की ते राखाडी होतं. मग पहिला प्रश्न हमखास येतो तो म्हणजे ‘कोणता साबण वापरू?’ हा साबण धुण्याचा नव्हे, तर मशीनवरच्या कापडी चाकाला (त्याला बफ किंवा बफ व्हील म्हणतात) लावायची पॉलिशची वडी. त्याचं उत्तर या पानावर बरंच खाली आहे, कारण साबणाची पाळी येईपर्यंत निम्म्याहून जास्त काम झालेलं असतं किंवा बिघडलेलं असतं.

ट्रकवर चमकणारं सगळंच अ‍ॅल्युमिनियम असतं का?

नाही. बंपर आणि एक्झॉस्टचे उभे पाइप बहुधा क्रोम चढवलेल्या लोखंडाचे असतात. काचेवरची झडप आणि दिव्यांच्या पट्ट्या अनेकदा स्टेनलेसच्या, तर नटांवरच्या टोप्या कित्येकदा चक्क प्लॅस्टिकच्या, वरून क्रोम केलेल्या. लोहचुंबक लावून बघा. चिकटला तर अ‍ॅल्युमिनियम नाही. चिकटला नाही म्हणून अ‍ॅल्युमिनियमच असंही नाही, कारण स्टेनलेसच्या काही जातींना आणि प्लॅस्टिकला चुंबक चिकटत नाही.

खरी परीक्षा फडक्याची. एका कोपऱ्यात बोटभर मेटल पॉलिश लावून पांढऱ्या फडक्याने घासा. फडकं लगेच काळंकुट्ट झालं तर खाली उघडं अ‍ॅल्युमिनियम आहे. तो काळेपणा मळाचा नसतो, धातूचे बारीक कण पॉलिशमध्ये मिसळून तसे दिसतात. क्रोमवर असं होत नाही. क्रोमवर घासकागद तर कधीच लावू नका. वरचा क्रोमचा थर एका मायक्रॉनपेक्षाही (मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही) पातळ असतो, एकदा गेला की घासून परत येत नाही.

भाग अ‍ॅल्युमिनियमचाच आहे, तरी फडकं काळं होत नाही. असं का?

म्हणजे धातू आणि तुमचं फडकं यांच्यामध्ये काहीतरी आहे. तीन शक्यता.

पहिली, पारदर्शक लॅकर, म्हणजे क्लिअर कोट. कडेला सोललेला, पिवळट पडलेला किंवा आत बारीक कृमीसारख्या रेषा पसरलेला दिसला तर हाच. त्या रेषा म्हणजे लॅकरच्या खाली पसरणारा क्षय असतो. एखाद्या ओरखड्यातून किंवा कडेतून ओलावा आणि क्षार आत शिरतात आणि थराखाली रेघ ओढत जातात. वरून कितीही पॉलिश करा, त्या जाणार नाहीत. लॅकर पूर्ण काढावा लागतो.

दुसरी, अ‍ॅनोडायझिंग. सल्फ्युरिक अ‍ॅसिडच्या बाथमध्ये वीज सोडून वाढवलेला ऑक्साइडचा थर, साधारण ५ ते २५ मायक्रॉन जाड. हा थर वीज वाहू देत नाही, त्यामुळे मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (वीज वाहिली की आवाज देतो त्या खुणेवर) ठेवून दोन टोकं हलकेच टेकवली आणि आवाज आला नाही तर अ‍ॅनोडायझिंग असण्याची शक्यता मोठी. (लॅकर असला तरी आवाज येत नाही, तेव्हा दोन्ही खुणा एकत्र पाहा.) तो काढायला कॉस्टिक सोडा वापरतात. तो खालचं धातूही खातो आणि हायड्रोजन वायू सोडतो, त्यामुळे हे काम प्लेटिंगवाल्याकडे द्यावं.

तिसरी, कारखान्यातच केलेली खास पृष्ठप्रक्रिया. अल्कोआ कंपनीच्या ड्युरा-ब्राइट चाकांवर ती असते. अशी चाकं फक्त साबणपाण्याने धुवायची असतात. त्यांच्यावर पॉलिश किंवा घासकागद (पेपर) चालवला की ती प्रक्रियाच निघून जाते, आणि पुढे ते चाक साध्या उघड्या चाकासारखं दर काही आठवड्यांनी पॉलिश मागतं. चाकावरचा शिक्का किंवा स्टिकर आधी वाचा.

अ‍ॅल्युमिनियम गंजत नाही म्हणतात, मग काळवंडतं कसं?

लोखंडासारखा तांबडा गंज येत नाही, एवढंच त्यात खरं. उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर हवा लागताक्षणी ऑक्साइडचा थर बसतो, अवघा काही नॅनोमीटर जाडीचा. तो पारदर्शक आणि घट्ट असतो, आणि खालच्या धातूला वाचवतो. साधारण ४ ते ८.५ पीएचच्या मधे हा थर टिकतो. त्याच्या खाली अ‍ॅसिडमध्ये विरघळतो आणि वर अल्कलीमध्येही विरघळतो. ट्रक धुण्याच्या केंद्रांवर वापरली जाणारी झटपट उजळ करणारी द्रावणं बहुधा अ‍ॅसिडची असतात आणि तेल-चिकटा काढणारी बहुधा अल्कलीची. बिचारं अ‍ॅल्युमिनियम दोन्हीकडून मार खातं.

त्यात रस्त्यावरचं मीठ. बर्फ वितळवायला टाकलेल्या सोडियम, मॅग्नेशियम आणि कॅल्शियम क्लोराइडमधले क्लोराइड त्या संरक्षक थराला बारीक भोकं पाडतात. तिथून पांढरी भुकटी वर येते आणि ती झटकली की खाली खड्डा दिसतो. मॅग्नेशियम आणि कॅल्शियम क्लोराइड हवेतला ओलावा ओढून घेतात, म्हणून रस्ता वाळल्यावरही ट्रकवर ते ओलेच राहतात आणि काम चालू ठेवतात.

दोन धातू टेकतात तिथे आणखी एक भानगड असते. अ‍ॅल्युमिनियमच्या टाकीवर स्टेनलेसचा पट्टा, मधली रबरी पट्टी झिजलेली आणि खाली खारं पाणी, एवढं जमलं की झीज अ‍ॅल्युमिनियमच्या वाट्याला येते. पट्ट्याखाली सर्वांत खोल खड्डे सापडतात ते यामुळे.

अ‍ॅसिडने धुतलं की लगेच पांढरं होतं. मग घासत बसायचं कशाला?

पांढरं होतं, चकचकीत होत नाही. अ‍ॅसिड पृष्ठभाग खरवडून दुधाळ, मॅट करून ठेवतं. लांबून ते स्वच्छ वाटतं, पण त्या खरबरीत पृष्ठभागावर मळ अधिक घट्ट बसतो आणि पुढच्या वेळी अधिक कडक अ‍ॅसिड लागतं.

यापेक्षा गंभीर बाब माणसाच्या अंगाची. अशा काही द्रावणांत हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड किंवा अमोनियम बायफ्लोराइड असतं. सौम्य द्रावण त्वचेवर पडलं तर लगेच दुखतही नाही. कित्येक तासांनी आतून वेदना सुरू होतात, कारण फ्लोराइड त्वचेतून आत शिरून शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं. मोठ्या भागावर पडलं तर हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊन जीवही जाऊ शकतो. अंगावर पडल्यास लगेच भरपूर पाण्याने धुवायचं, कॅल्शियम ग्लुकोनेट जेल चोळायचं आणि दुखत नसलं तरी दवाखाना गाठायचा. डब्यावर ‘फ्लोराइड’ हा शब्द कुठल्याही रूपात दिसला तर तो डबा खाली ठेवावा, असं माझं मत आहे. पॉलिशच्या कामासाठी त्याची गरज नाही.

धुवायला न्यूट्रल पीएचचा वाहनांचा साबण, ग्रीससाठी अ‍ॅल्युमिनियमला चालणारा डीग्रीझर, मऊ ब्रश आणि भरपूर पाणी पुरे. धातू गार असताना आणि सावलीत धुवा. डांबराचे ठिपके वेगळ्या टार रिमूव्हरने काढा. बफखाली वाळूचा एक कण राहिला तरी तो टाकीभर गोल रेघा ओढतो.

नुसत्या हाताने पॉलिश करून भागेल का, की पेपर मारावाच लागेल?

भागावरून नख फिरवा. नख कुठेच अडकत नसेल आणि फक्त धुरकटपणा असेल तर डब्यातलं पॉलिश आणि मशीनवरचं बफ पुरेल. नख अडकत असेल, खड्डे दिसत असतील, तर पेपर लागणार. खड्डा बफने निघत नाही, त्याच्या कडा तेवढ्या गोल होतात आणि तो आणखी चमकून दिसू लागतो.

मात्र प्रत्येक खड्डा मुळापर्यंत काढायचा हट्ट नको. रोज मालवाहतूक करणाऱ्या ट्रकची टाकी हाताच्या अंतरावरून कोणी बघत नाही. चार पावलांवरून आरसा दिसला की बस, हा हिशेब धरला तर काम निम्म्यावर येतं आणि धातूही वाचतं.

पेपर कितीपासून कितीपर्यंत?

पेपरचा नंबर जितका मोठा तितका तो बारीक. खड्डे किती खोल यावर सुरुवात ठरते. साधा धुरकटपणा आणि हलके ओरखडे असतील तर ६०० किंवा ८०० नंबरपासून. मध्यम खड्डे असतील तर ३२० पासून. फारच खराब चाक असेल तर २२० किंवा क्वचित १८०. त्याहून जाड पेपर उचलण्याआधी दोनदा विचार करा, कारण त्याने पाडलेले ओरखडे काढायला मूळ खड्ड्यांपेक्षा जास्त वेळ जातो.

पुढचा क्रम साधारण असा: २२०, ३२०, ४००, ६००, ८००, १०००, १५००. आरशासारखं हवं असेल तर २००० पर्यंत. ४०० नंतर वॉटर पेपर वापरा, पाण्यात साबणाचे दोन थेंब टाका आणि पेपर सतत खळबळत राहा. अ‍ॅल्युमिनियम मऊ असल्यामुळे पेपरात भरतं, त्याची गुठळी होते आणि ती गुठळीच खोल ओरखडा पाडते.

आता या सगळ्यातली खरी किल्ली. प्रत्येक नंबरचं काम एकच असतं: आधीच्या नंबरचे ओरखडे पुसणं. म्हणून दर पायरीला दिशा बदलायची. ३२० आडवा मारला असेल तर ४०० उभा मारा आणि एकही आडवी रेघ दिसेनाशी होईपर्यंत थांबू नका. मग ६०० पुन्हा आडवा. दिशा बदलली नाही तर जुनी रेघ नव्या रेघांत लपून राहते आणि थेट बफिंगनंतर उन्हात दिसते, तेव्हा परत ४०० पर्यंत मागे यावं लागतं. ऑर्बिटल सँडर (गोल फिरत घासणारं मशीन) वापरत असाल तर दिशेचा प्रश्न नाही, पण तिथे त्याच्या गोल वेटोळ्या रेघा शोधा. प्रत्येक पायरीनंतर भाग धुवून, पुसून, टॉर्च तिरपी धरून बघणं हे कंटाळवाणं काम आहे. चकाकीचा फरक मात्र तिथेच पडतो.

नंबर गाळून उडी मारली तर? ६०० वरून १००० चालतो, थोडा वेळ जास्त लागतो. ३२० वरून १००० चालत नाही. १००० ला ते ओरखडे कापायची ताकदच नसते.

मशीन कोणतं आणि किती वेगाने?

वेग कमी-जास्त करता येणारं ७ किंवा ९ इंची पॉलिशर किंवा ग्राइंडर. साधा एकाच वेगाचा छोटा ग्राइंडर मिनिटाला १०,००० च्या पुढे फेरे मारतो, तो बफ व्हीलसाठी धोक्याचा आहे. व्हीलवर कमाल फेऱ्यांचा आकडा छापलेला असतो, मशीनचा वेग त्याच्या आतच हवा.

८ इंची व्हील मिनिटाला ३,००० फेऱ्यांनी फिरलं तर त्याची कड मिनिटाला सुमारे १,९०० मीटर धावते. १० इंची व्हील तेवढ्याच फेऱ्यांना सुमारे २,४०० मीटर. म्हणजे मोठं व्हील लावल्यावर फेरे कमी करायला हवेत. कापण्याच्या टप्प्यात २,५०० ते ३,००० च्या आसपास आणि शेवटच्या चकाकीला त्याहून कमी, असं सुरुवातीला धरा.

मशीन चाकाच्या किंवा पायरीच्या धारेकडे नेताना बफ धारेवरून बाहेर जाताना फिरलं पाहिजे. धारेच्या समोरून आत येणाऱ्या दिशेने टेकवलं तर बफ धारेत अडकतं आणि मशीन हातातून उडतं. या कामातल्या बऱ्याचशा दुखापती याच एका क्षणात होतात.

आता तरी सांगा, साबण कोणता?

सांगतो. बफिंगचा साबण म्हणजे मेण-चरबीत मिसळलेली घर्षक पूड, वडीच्या रूपात. तपकिरी वडी, म्हणजे ट्रायपोली, अ‍ॅल्युमिनियमवर कापायला चांगली. काळी किंवा करडी वडी बहुधा त्याहून जोरात कापते. हिरव्या वडीत क्रोमियम ऑक्साइड असतं, ती स्टेनलेसवर जास्त चालते, पण अ‍ॅल्युमिनियमच्या मधल्या टप्प्यालाही अनेक जण वापरतात. पांढरी वडी बहुधा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडची आणि लाल वडी लोह ऑक्साइडची; या दोन्ही चकाकीसाठी. रंगांचं मात्र कुठलंही जागतिक मानक नाही. एका कंपनीची निळी वडी शेवटची असेल, दुसरीची मधली. वेष्टनावर लिहिलेलं काम वाचा आणि शक्यतो एकाच कंपनीचा पूर्ण संच घ्या.

व्हीलचंही तसंच. चुण्या घातलेलं, मधून हवा खेळणारं, रसायन लावून कडक केलेलं व्हील कापायला आणि बिनारसायनाचं मऊ सुती किंवा फ्लॅनेलचं व्हील शेवटाला. एका व्हीलवर एकच साबण, हा नियम कधी मोडू नका. तपकिरी साबण लागलेलं व्हील पांढऱ्यासाठी वापरलं तर जाड कण शेवटच्या पायरीत शिरतात.

साबण लावायचा तो फिरत्या व्हीलला सेकंदभर टेकवून, इतकाच. कापताना मशीन व्हीलच्या फिरण्याच्या विरुद्ध दिशेला, मध्यम दाबाने, हळू ओढा. चमकवताना फिरण्याच्याच दिशेला, हलक्या हाताने. दर पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढू द्या. मशीन एका जागी धरून ठेवू नका. पातळ पत्रा लगेच तापतो, साबण जळतो आणि पत्रा लाटेसारखा होतो. तळहात टेकवून ठेवता येत नाही एवढं तापलं की दुसरीकडे सरका.

बफिंगनंतर काळे पट्टे उमटतात. काय चुकतंय?

साबण जास्त झालाय, व्हील भरलंय किंवा दोन्ही. व्हील दर काही मिनिटांनी दातेरी रेकने खरवडून मोकळं करा. ते दोन्ही हातांनी घट्ट धरून, तोंड बाजूला ठेवून करा. मग नवा साबण न लावता त्याच मोकळ्या व्हीलने काळ्या पट्ट्यावरून हलकेच फिरा, बरेचसे पट्टे उचलले जातात. हवा फार गार असेल तर साबण नीट वितळत नाही आणि गोळ्या होऊन चिकटतो. तेव्हा भाग जरा कोमट असलेला बरा.

राहिलेल्या तेलकट थरासाठी मैदा! ऐकायला गंमत वाटते, पण ट्रक पॉलिश करणारे खरोखर मैदा किंवा कॉर्नफ्लॉर भुरभुरतात आणि मऊ मायक्रोफायबरने पुसून घेतात. पीठ साबणातलं मेण-तेल शोषून घेतं आणि स्वतः ओरखडा पाडत नाही. सॉल्व्हंटनेही तेच होईल, पण कडाकोपऱ्यांत पीठ जास्त सोयीचं. फक्त शेजारी आगीची ठिणगी उडत असताना पिठाची धूळ उधळू नये.

चाकं उतरवून करावीत की ट्रकवरच?

उतरवलेली चाकं नीट होतात, मागची बाजू आणि हातछिद्रांच्या (चाकाच्या तबकडीतल्या मोठ्या भोकांच्या) आतल्या कडाही साफ होतात. ट्रकवर केली तर वेळ वाचतो. बहुतेक जण बाहेरची बाजू ट्रकवरच करतात, त्यात गैर काही नाही. मात्र हवेच्या नळ्या, एबीएसच्या तारा आणि ब्रेकचे भाग बफच्या टप्प्यात येत नाहीत ना ते आधी पाहा. सुटी तार व्हीलमध्ये गुंडाळली गेली की क्षणात तुटते. टायरच्या कडेवर आणि व्हॉल्व्हवर चिकटपट्टी लावा.

चाकाच्या काही जागांना हात लावायचा नाही. हबला टेकणारा सपाट भाग, नट बसणारी जागा आणि बोल्टची छिद्रं पेपर मारून पातळ करू नका आणि तिथे रंग, मेण, कोटिंग काहीही ठेवू नका. मधे थर राहिला तर नट आवळल्यावर तो दबत जातो आणि पकड सैल होते. टायर बसतो त्या रिमच्या कडेची झीज मोजायला चाक बनवणाऱ्या कंपनीचं मापक मिळतं. कड झिजून धारदार झाली असेल तर घासून गुळगुळीत करायच्या आधी मापून घ्या. झीज मर्यादेबाहेर गेली असेल तर ते चाक बाद.

उतरवलेलं चाक परत बसवताना नट टॉर्क रेंचनेच आवळा. हब-पायलट प्रकारच्या (ज्यात चाक हबच्या उंचवट्यावर मधोमध बसतं) २२ मिमी स्टडला साधारण ६१० ते ६८० न्यूटन-मीटर लागतात, आणि ८० ते १६० किलोमीटर चालवल्यावर पुन्हा तपासायचे असतात.

ड्राइव्ह अ‍ॅक्सल उचलून गिअरमध्ये टाकलं तर चाक आपोआप फिरतं. तसं पॉलिश करावं का?

नाही. जॅक सरकला किंवा कपडा अडकला तर थांबवायला कोणी नसतं, आणि एकच बाजू हवेत असेल तर डिफरेन्शियल (दोन्ही बाजूंच्या चाकांना ताकद वाटणारे गिअर) ते चाक दुप्पट वेगाने फिरवतं.

डिझेलच्या टाकीवर बफ चालवणं धोक्याचं नाही का?

डिझेल पेट्रोलसारखं सहज पेटत नाही, त्याचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे वाफ पेट घेऊ शकते ते तापमान, साधारण ५२ अंश सेल्सिअसच्या वर असतो. पण तापलेल्या रिकाम्या टाकीत वाफ असते, आणि गळणाऱ्या झाकणाभोवती डिझेलने भिजलेली धूळ. झाकण घट्ट आहे, कुठे पाझर नाही, पाझरलेलं सगळं धुतलंय, हे आधी पाहा. टाकी अगदी कोरडी असण्यापेक्षा बरीचशी भरलेली असलेली चांगली. आतलं डिझेल उष्णताही ओढून घेतं. टाकीत हवा आत-बाहेर जाणारा व्हेंट झाकू नका. टाकीजवळ लोखंड कापणं, वेल्डिंग करणं हे त्या दिवशी बंद.

पट्टे ढिले करून खाली पॉलिश करायची इच्छा होते. एका वेळी एकच पट्टा सोडा आणि टाकीखाली आधार द्या. भरलेल्या टाकीचं वजन काही शे किलो असतं. पट्टा काढलाच आहे तर खालची रबरी पट्टी बदला. तिथले खड्डे परत येऊ नयेत यासाठी पॉलिशपेक्षा ती पट्टी जास्त उपयोगाची.

ब्रेकच्या हवेच्या टाक्या मात्र वेगळ्या. त्या दाब सोसतात. त्यांच्यावर बफ ठीक, जाड पेपर नको.

चेकर प्लेटच्या पायऱ्या चमकत का नाहीत?

चेकर प्लेट म्हणजे उठावाची नक्षी असलेला पत्रा. त्यावर बफ उठावांवरून उडी मारत जातं आणि मधल्या दऱ्या तशाच राहतात. सपाट ब्लॉकने पेपर मारू नका, उठाव सपाट होतील आणि पायरीची पकड जाईल. मऊ फोमचा पॅड लावून ४०० आणि ६०० हाताने मारा, मग चुण्यांचं व्हील चारही दिशांनी फिरवा. तिरप्या रेषेत फिरवलं की दऱ्यांमध्ये जास्त पोचतं. आणि पायरीवर मेण लावू नका. ओल्या बुटाने त्यावरून घसरणारा पहिला माणूस तुम्हीच असाल.

ओतीव भागांना चाकासारखा आरसा येईल का?

सहसा नाही. बहुतेक ट्रकची चाकं ६०६१-टी६ मिश्रधातूची (टी६ म्हणजे उष्णता देऊन कडक केलेली अवस्था) आणि फोर्ज केलेली, म्हणजे दाबून घडवलेली असतात, त्यांचा कण दाट असतो. (अल्कोआने असं पहिलं ट्रकचं चाक १९४८ मध्ये आणलं.) ओतीव भागात सिलिकॉन जास्त आणि बारीक छिद्रं असतात. घासत गेलं तर नवी छिद्रं उघडी पडतात. छान राखाडी झळाळी येते, तिथेच थांबावं.

दरवर्षी पॉलिश केलं तर पत्रा पातळ होणार नाही का?

नुसत्या बफने जाणारं धातू नगण्य असतं. जाड पेपरने जातं. डिझेलच्या टाकीचा पत्रा अनेकदा ३ मिमीच्या आसपास असतो, एकदा नीट घासण्याने त्याला काही होत नाही. पण दरवर्षी ३२० पासून सुरू करावं लागत असेल तर ट्रक धुण्याची पद्धत तपासा, चूक तिथे आहे.

धुळीची एवढी काळजी का करायची?

दोन कारणं. एक, तुमची फुप्फुसं: किमान एन९५ मास्क, डोळ्यांना चष्मा आणि त्यावर फेसशिल्ड, कानांना संरक्षण. सैल बाह्या, लोंबणाऱ्या दोऱ्या, अंगठ्या नकोत, लांब केस बांधलेले हवेत.

दुसरं कारण आग. अ‍ॅल्युमिनियमची बारीक कोरडी धूळ हवेत उडाली आणि ठिणगी मिळाली तर स्फोट होतो. लोखंडाच्या गंजाबरोबर ती मिसळली आणि पेटली तर थर्माइटची प्रक्रिया होते, म्हणजे रेल्वेचे रूळ जोडायला वापरतात तीच. म्हणून ज्या ग्राइंडरवर, ज्या धूळपेटीत लोखंडाचं काम होतं तिथे अ‍ॅल्युमिनियम नको. जमिनीवरची धूळ रोज मऊ झाडूने काढा, कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका. साबणाने भिजलेल्या चिंध्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका. आणि अ‍ॅल्युमिनियम पेटलं तर पाणी मारायचं नाही. धातूच्या आगीसाठीचा डी वर्गाचा अग्निशामक किंवा कोरडी वाळू.

चमक आल्यावर वरून काय लावू?

कार्नौबा मेण दिसायला सुंदर, पण चाकांच्या उष्णतेत फार टिकत नाही, काही आठवडे. कृत्रिम पॉलिमर सीलंट त्याहून बरं, काही महिने. सिरॅमिक कोटिंग सर्वांत टिकाऊ; पण त्याआधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने प्रत्येक तेलाचा अंश पुसावा लागतो, नाहीतर ते धातूला धरतच नाही.

क्लिअर कोटबद्दल माझं मत सरळ आहे: आरशासारख्या पॉलिश केलेल्या भागावर मारू नका. गुळगुळीत धातूला त्याची पकड कमी बसते, एका खड्याच्या माराने तो फुटतो, आणि मग खाली त्याच कृमीच्या रेषा सुरू होतात. उघडं अ‍ॅल्युमिनियम दोन महिन्यांनी पुन्हा पुसता येतं. लॅकरखालचं बिघडलेलं पुसता येत नाही.

नंतरची निगा?

न्यूट्रल साबण, भरपूर पाणी आणि लगेच कोरडं पुसणं. कठीण पाण्याचे ठिपके उन्हात वाळले तर पॉलिशच लागतं. मीठ टाकलेल्या रस्त्यावरून आल्यावर त्याच दिवशी पाणी मारा, टाकीच्या पट्ट्यांखाली आणि दुहेरी चाकांच्या मधेही. धुण्याच्या केंद्रावर गेलात तर ‘अ‍ॅसिड नको’ हे आत जाण्याआधी सांगा. स्टील वूलने घासू नका. त्याचे लोखंडी तुकडे अ‍ॅल्युमिनियममध्ये रुततात आणि मग खरोखरच तांबडे ठिपके दिसतात.

जुना ट्रक घेतोय, चाकं आरशासारखी आहेत. चांगली खूण समजू का?

मालक ट्रकची निगा राखतो एवढी खूण समजा, चाक मजबूत असल्याची नाही. बफिंग बारीक भेग पुसट करू शकतं. हातछिद्रांच्या कडा, बोल्टच्या छिद्रांभोवतीचा भाग आणि चाकाची आतली बाजू टॉर्चने पाहा, तिथे पॉलिश क्वचित पोचलेलं असतं. भेग दिसली तर ते चाक वापरातून काढायचं. ट्रकच्या अ‍ॅल्युमिनियम चाकाची भेग वेल्डिंगने भरत नाहीत, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने टी६ ही ताकद देणारी अवस्थाच तिथे नाहीशी होते. टायरला आग लागलेलं किंवा ब्रेकने अतोनात तापलेलं चाकही तसंच बाद. अशा चाकावरचा रंग कधी कधी करपट राखाडी दिसतो आणि नेमका तोच रंग बफने निघून जातो, म्हणून चाकासोबत टायर आणि ब्रेकची अवस्थाही पाहून घ्या.